खोगिराखाली

वॉल्सॉलच्या स्टेशनमागच्या गल्लीत
वडिलांनी एकेचाळीस वर्षं खोगिरं भरली.
मेंढीची लोकर, मूठ मूठ, सळईनं आत ढकलत.
खोगीरभरतीला फालतू समजणाऱ्यानं
एकदा त्यांच्या बाकासमोर उभं राहायला हवं होतं:
आत एक गाठ राहिली, हरभऱ्याएवढी,
तर घोडा बोलत नाही,
पाचव्या मैलाला त्याची पाठ बोलते.

त्या जखमेला ते म्हणत, गॉल.
माणसाला काही लागलं, तरी गॉलच.
कौन्सिलची नोटीस, उधारी बुडवणारा मेजर,
समोर प्लास्टिकची खोगिरं मांडून बसलेला ब्रॅमवेल,
सगळं एकाच पाठीवर उठलेलं.

मार्चमध्ये झटका आला आणि शब्द गेले.
कप गेला. खिडकी गेली.
माझं नाव गेलं. थर्झा;
तसंही ते कुणाला धड उच्चारता येत नसे.
दर मंगळवारी मिस पार्जिटर येते, चित्रांचे पत्ते घेऊन.
कुत्रा. वडील बघतात.
किटली. वडील बघतात.
मग घोडा निघाला, तपकिरी, खोगीर चढवलेला,
आणि त्यांचं थरथरतं बोट
नेमकं खांद्यामागच्या उंचवट्यावर टेकलं:
"गॉल."
"हॉर्स," ती म्हणाली, प्रेमानं.
"गॉल," ते म्हणाले, आणि तिच्याकडे
चुकार शिकाऊ पोराकडे बघावं तसं बघितलं.

त्या रात्री मी त्यांचा शब्दकोश काढला.
त्यांनीच चामड्यात बांधलेला, दोऱ्याला मेण अजून.
उरले असतील तर याच कप्प्यातले उरले असतील,
म्हणून उशाशी बसून एकेक वाचत गेले.
फ्रेट. आत आत कुढणं. पण मुळात, खाऊन टाकणं,
जनावरानं खावं तसं.
आई आठवली. पोस्टमनला उशीर झाला की
तिला जे कुरतडायचं, त्याला दात होते तर.
टीझ. आधी लोकर पिंजायची, काटेरी बोंडांनी;
माणसं नंतर.
हेकल. जवसाचे तंतू विंचरायची खिळ्यांची फणी.
वडील हसले. किंवा तोंडाची चांगली बाजू वर गेली.
रँकल.
इथे मी थांबले.
लिहिलं होतं: चिघळलेला व्रण;
आणि त्याच्याही मागे, लॅटिनमध्ये,
ड्रॅगनचं पिल्लू.

एकवीस वर्षं मी त्याला दूध पाजलंय.
एनॉकनं, माझ्या सख्ख्या भावानं, कारखाना विकला.
सही वडिलांची, कागद त्यांना वाचून न दाखवलेला.
सुयासुद्धा गेल्या. मग नाताळला कार्डं,
खाली नुसतं नाव.
वडील कधी काही बोलले नाहीत,
दोघांच्या वाटचं मीच चिडले.
खपली धरू दिली नाही.

पहाटे कूस बदलताना त्यांची टाच दिसली.
चादरीवर घासून लाल,
कातडं कांद्याच्या सालीएवढं उरलेलं.
इतक्या घोड्यांच्या पाठी राखलेला माणूस,
आणि माझ्या पहाऱ्यात हे.
मलम गार होतं. आधी हात चोळले,
मग जखमेच्या कडेकडेनं, हलके.
"चेफ," ते म्हणाले. स्वच्छ.
मला वाटलं, दुखतंय. हात मागे घेतला.
"चेफ," पुन्हा. आणि पाय माझ्याकडे सरकवला.

कोश पलंगावर उघडाच होता.
चिडणं, हा अर्थ पार खाली.
घासून सोलणं, त्याच्या जरा वर.
सगळ्यात आधी:
ऊब देणं. हातांनी चोळून.

उजाडेपर्यंत चोळत बसले.
मग टाचेखाली लोकर ठेवली, बोटांनी चाचपून,
गाठ नाही ना.

कोश मिटताना मागचं पान दिसलं.
वडिलांच्या अक्षरात एनॉकचा नंबर,
त्याखाली तारखा, दर महिन्याची एक,
शेवटची फेब्रुवारीतली.
म्हणजे ते बोलत होते.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

जरा चरचरलं.
पिल्लानं एक डोळा उघडला.
मी हात अजून गरम आहेत का बघितलं,
आणि फोन शोधायला उठले.