बरणीतलं पाणी

घाल अजून एक चमचा. हात आखडू नकोस, योकूबास,
मीठ घरचं आहे. समुद्राचं मेलं अळणी,
बाल्टिक म्हणजे आजाऱ्याची पेज.
ढवळ. तळाची किरकिर थांबेपर्यंत ढवळ.

आता रेघ बघ पाण्याची.
काकड्यांच्या जुन्या चिठीपासून
नखभर वर, फार तर.
नऊ चमचे रिचवले, आणि एवढंच!
आता बरणी उचलून बघ.
खोली तीच, बिऱ्हाडं वाढली.
असं दाटीवाटीनं बसलेलं पाणी
हलक्याला आत शिरू देत नाही.

काल रात्रभर वारा होता. पहाटे निदाच्या किनाऱ्यावर
गुडघाभर शेवाळात उभी होते जाळं धरून,
पाय अजून माझे नाहीत.
एवढी पोतडी भरली; निम्मे गोटेच असतील.
ओल्या उजेडात सगळेच मधासारखे दिसतात.
लोक एकमेकांना पाण्यात पाहतात,
मी दगडांना.

तो मोठा टाक.
गेला? नाही, आला वर.
बटाट्याएवढा आहे, आणि शेजारी तरंगतोय
तो वाटाण्याएवढा चुरा.
मोठा म्हणून बुडत नाही, लहान म्हणून तरत नाही कुणी.
वजनाला विचारायचं, बाबा, तू जागा किती अडवलीस?
पाण्याला तेवढंच कळतं.
हा पिवळा गोटा गेला तळाला.
ही काच, बिअरच्या बाटलीची, लाटांनी घासलेली,
तीही गेली.
तृणमणी तेवढा मिठाला जागतो.

हा? गळ्यातला?
हा कशाला.
अँसासनं क्लायपेदाच्या धक्क्यावर घेतला होता,
हेरिंगचे पैसे हातात पडले त्या दिवशी.
एकतीस वर्षं गावाचे मणी जोखतेय,
हा कधी ओला केला नाही.

बरं. दोऱ्याची गाठ सोड, माझी बोटं गारठलीत.
टाक.

सरळच गेला की रे.
दोरा मागून, सावकाश.

हसू नकोस. तोंडही पाडू नकोस.
आकाराच्या मानानं जडच होता तो,
आणि जानेवारीत गळ्याला गार लागायचा,
तृणमणी कधी गार लागत नाही.
हाताला कळतं सगळं.
बरणीला विचारायचं की नाही, एवढंच आपण ठरवतो.

चमच्यानं काढ. पूस. बांध परत,
जरा घट्ट.
तो बटाटा वेगळा ठेव, शनिवारी जर्मन बाई यायचीय.
आणि पाणी ओतू नकोस,
उद्या लागेल.