रकाना सतरावा

दूतावासाच्या भिंतीला लागून
चार पायऱ्या उतरलं की माझं दुकान :
एक झेरॉक्स, फोटोसाठी पांढरा पडदा,
आणि मी. त्बिलिसीतल्या लोकांचे अर्ज भरते.
अर्जाचे पाच लारी,
रडणाऱ्याला पाणी फुकट.

लामारा आली ती पिशवी छातीशी धरून.
पासष्टीची असेल. बुटांना बर्फाचा चिखल.
"व्लादिकावकाझ," म्हणाली,
कुणी पलीकडची गल्ली सांगावी तसं.
खरंय, डोंगर ओलांडला की आलंच;
पूर्वी पहाटेच्या गाडीने निघालेली माणसं
दुपारच्या जेवणाला तिकडे पोचत.
आता मध्ये एकोणतीस रकाने आहेत.

रकाना नववा : या देशात पूर्वी आला होतात का?
"तेव्हा तो देश नव्हता," ती म्हणाली,
"मावशीचं घर होतं."
मी लिहिलं, होय.
वर्ष?
तिने बोटं मोजली, मग सोडून दिली.

रकाना चौदावा : निमंत्रण देणाऱ्याशी नातं.
"बहीण." आणि थांबली.
"अकरा वर्षं अबोला आहे. ते कुठे लिहायचं?"

भांडण कशावरून, तर आईचं तांब्याचं पातेलं,
ज्यात ती कोवळ्या अक्रोडांचा मुरंबा घाली.
ते कुणी न्यायचं. इतकंच.
शब्दाने शब्द वाढला. मग नाका बंद झाला,
आणि आधी कुणी बोलायचं, हे
दोन सरकारांसारखं
दोघींनाही ठरवता येईना.

रकाना सतरावा : भेटीचा हेतू.
पर्यटन. व्यापार. उपचार. खाजगी.
तिने पिशवीतून पातेलं काढलं,
माझ्या कीबोर्डवरच ठेवलं. आतून ताजी कल्हई.
"हे द्यायचंय."
मी खाजगीवर खूण केली.

मग निमंत्रणपत्र. जांभळा शिक्का, तिकडच्या कचेरीचा.
चष्मा घरी राहिला म्हणाली. मी वाचून दाखवलं :
मी, त्सियाला, गिवीची मुलगी,
वर उल्लेखिलेल्या व्यक्तीच्या
राहण्याची, जेवणाची, औषधपाण्याची
आणि मुदतीत परत धाडण्याची जबाबदारी
स्वखुशीने घेत आहे.

साचा आहे हा. रोज दहा तरी वाचते,
कानामात्रेचाही फरक नसतो.

"पुन्हा वाच."
वाचलं.
"औषधपाण्याची, असं लिहिलंय तिने?"
लिहिलंय.
"स्वखुशीने?"
हो, म्हटलं. साच्याचं सांगितलं नाही.

फोटोला उभी केली. रुमाल काढा, कान दिसले पाहिजेत.
हसायचं नाही.
तिसऱ्या खेपेला जमलं,
तेही नीटसं नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा पायऱ्या उतरली.
मिळाला? म्हणून विचारलं.
"पुढच्या महिन्यात या म्हणतात."
दाराशीच उभी राहिली.
त्या पत्राची एक प्रत हवी होती.
"मोठी काढ. चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी."
दुप्पट करून काढली. कागदात मावेना :
शिक्का गेला, तारीख गेली,
मुदतीत परत धाडण्याची ओळही अर्धी तुटली.
दुसरी काढते, म्हटलं.
"असू दे," म्हणाली,
आणि गुंडाळी करून, कोटाच्या आत घालून,
चिल्लर मोजत बसली.