घट

हुपरीत आमच्या घरी चांदीचे मणी.
कोल्हापुरात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, माझे:
मोहरीएवढे, थरावर थर,
आत मऊ, बाहेरून जरा हट्टी.

टोल्युईनमध्ये सोडले की पीत बसतात,
टचटचून फुगतात.
मग कोमट हवा द्यायची,
प्यालेलं सगळं परत.

सातव्या खेपेला वरचा थर सुटला,
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा.
मॅडम म्हणाल्या, पुन्हा कर.

रात्री अण्णांना सांगितलं.
मुशीतली राख फुंकत त्यांनी एवढंच विचारलं,
‘घट किती?’

वजन केलं होतं मी.
दशांशानंतर तिसऱ्या घरात
काहीतरी कमी पडतं दरवेळी.

सकाळी वेणी घालताना आई नाक मुरडते,
‘पेट्रोलपंपावर झोपली होतीस काय गं?’

सापडली, अण्णा.
केसांत आहे.