कातणे

सूत कातायचं असतं, लाकूडही.
क्रियापद एकच, आणि हे गाव
पहिल्याच अर्थावर जगत आलं.
दुसरा मला सापडला साखर पेठेत,
पत्र्याच्या शेडमध्ये, विडीच्या पानांच्या गोण्यांमागे,
शनिवारी भर दुपारी.

राजय्या येमूल यांनी पोतं ओढून बाजूला केलं.
"साडेचार फूट. बेड बिडाचा. बघा."
काय बघायचं ते वहीत लिहून आणलं होतं,
वही खिशातून काढायची लाज वाटली.
स्पिंडल धरून हलवलं. बेअरिंग खुळखुळत होतं,
किंवा माझा हात.
दोन्ही सेंटर समोरासमोर आणले;
टोकाला टोक भिडावं,
तर मध्ये फरक राहिला.
"केसभर चुकतंय," मी म्हणालो, जाणकारासारखं.
"बत्तीस वर्षं तेवढंच चुकतंय," ते म्हणाले,
"वाढलं न्हाई."

यावर त्यांनी गिरणीच्या कांड्या कातल्या,
दिवसाला दोनशे.
मग प्लॅस्टिकच्या आल्या.
मग लाटणी, पाळण्याचे खुंट, पलंगाचे पाय,
मग पोतं.

ते अठरा म्हणाले, मी बारा.
सूनबाई चहा घेऊन आल्या,
तेलुगूत काही बोलल्या, दोघं हसले.
मी तेरा केले.
हसण्याचे एक हजार.
शेवटी चौदावर हात मिळाले.

"मोटर थ्री फेज हाय. घरी काय तुमच्या?"
सव्वीस वर्षं मी वीज मंडळात बिलं काढतोय,
आणि एवढंच वहीत लिहायचं राहिलं.

पटाश्या त्यांनी दिल्या नाहीत.
"माझ्या हातानं झिजल्यात.
तुमच्या हाताला खोटं शिकवतील."

छोट्या हत्तीत चढवायला चौघं लागले.
कलंडताना कुठल्याशा फटीतून भुसा सांडला,
काळसर, शिसवाचा असावा.
राजय्या तो पायाने सारत राहिले
गोण्यांच्या खाली, सावकाश,
गाडी वळेपर्यंत.

आता ते आमच्या जिन्याखाली आहे.
मोटर मुकी.
जेवण झालं की पुली हाताने फिरवतो.
पलीकडे गड्डमांचे माग रात्रपाळीला लागलेले,
भिंत थरथरते,
त्यात माझं चाक काही बोलत नाही.
वाकून बघतो: दोन टोकं,
मध्ये तेवढंच अंतर.

"काय कातताय एवढं?" वरून सुमित्राचा आवाज.
लाकूड लावलेलं नसतं,
म्हणून खरं सांगता येतं:
काही नाही अजून.