जाळ्यातली संख्या

एकोणीस वर्षं मी एकच पान लिहिलं.
कंपनीचं नाव बदलायचं, साल बदलायचं,
"खरं आणि रास्त चित्र" तेवढं जागच्या जागी,
खाली सही, तोरुन मिक्लेबुस्त,
आणि जेवायच्या सुट्टीआधी सगळं आटोपलेलं.
झाकली मूठ होती, सव्वा लाखाची.
आत काय आहे, ऑलेसुंदमध्ये कुणी विचारलं नाही.

मग नवं मानक आलं.
शेवटी बसणारं मत उठून पहिल्या ओळीत गेलं
आणि त्याच्यामागे मोकळी जागा राहिली.
तिथे लिहायचं: या वर्षी तुमचा जीव
सर्वांत जास्त कशात अडकला होता.

मासे.
फ्योर्डमध्ये आठ गोल जाळी, प्रत्येकात
दीड लाखावर सॅल्मन, असं वही म्हणते.
सोडले तेव्हा मोजले होते.
मेलेले रोज उचलून मोजतात.
मधले, जिवंत, कुणी मोजत नाही;
ते कॅमेऱ्यापुढून जातात, कॅमेरा अंदाज बांधतो.
निम्मा ताळेबंद असा पोहत असतो.

मी गेले. योस्ताइननं खाद्याचा पाइप बंद केला,
पाणी एकदम सपाट झालं.
किती आहेत, मी विचारलं.
तो हसला नाही. "खातात त्यावरून सांगतो," म्हणाला,
"पण या आठवड्यात कमी खाताहेत."

ते मी लिहिलं. त्याच्या शब्दांत नाही अर्थात,
आमच्या भाषेत, जिथे भीतीला
"अनिश्चितता" म्हणतात.

अध्यक्ष आर्न्फिन यांनी कागद बोटानं मागे सरकवला.
मत स्वच्छ आहे ना?
स्वच्छ आहे.
मग रस्त्यातला खड्डा कशाला दाखवायचा,
गाडी तर पोचली.
पोचली, मी म्हटलं. पण तिथे हळू घेतली होती.
त्यांना पटलं नाही. छापलं गेलं.

यंदा मसुदा एस्पेननं आणला. चोवीस वर्षांचा, नीटनेटका.
माशांचा परिच्छेद होता, शब्द न् शब्द माझा,
साल तेवढं बदललेलं,
आणि माशांच्या अंगावरच्या उवा तशाच,
ज्या गेल्या शरदातच संपल्या होत्या.
खरं आणि रास्त.

मी लाल पेन शोधलं नाही.
उद्या सातची बोट आहे, त्याला सांगितलं,
जाड मोजे घाल,
आणि परत येईपर्यंत काही लिहू नकोस.