आखडता हात

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं,
आत्ता तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवंय?
मी म्हटलं, खुब्याचं नवं हाड.
ते बसवलंय, ती म्हणाली. त्यानंतर?

त्यानंतर काय.
एक्क्याऐंशी वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मासळीच्या कारखान्यात एकच प्रश्न असायचा, किती पेट्या?
मी खिडकीबाहेर बघितलं. अंधार.
नोव्हेंबरअखेर सूर्य आमचं बेट सोडून जातो
आणि जानेवारीत डोंगरामागून डोकावतो,
मध्ये कुठे होता ते सांगत नाही.

कॉफी, मी म्हटलं.
शेगडीपासून या खिडकीपर्यंत.
माझी मी आणलेली.
नऊ पावलं आहेत. मोजलीत.

तिनं वहीत लिहून घेतलं. कॉफी. खिडकी.
खाली तारीख, आणि माझी सही,
जणू मी होडी विकत घेत होते.

मला वाटलं होतं, मदतीला बाई येणार म्हणजे
मोजे चढवेल, पावाला लोणी लावून देईल.
माझ्या बहिणीकडे यायची तशी.
फार प्रेमळ होती ती. भरवता भरवता
दोन वर्षांत बहीण चमचा धरायचं विसरली.

ही सिन्नोवे समोर स्टुलावर बसायची
आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवायची.

एक मोजा, अकरा मिनिटं.
ती बघत होती. घड्याळाकडे नाही, माझ्या टाचेकडे.
कंजूष पोरगी, मी मनात म्हटलं,
सरकार पगार देतं तरी हात आखडता.
अगं, तुझ्या बापाला मी शिकवलं
कॉडची जीभ कापायला,
नऊ वर्षांचा होता, सुरी उलटी धरायचा,
आणि मी तेव्हा

मी तेव्हा भिंतीला पाठ लावून उभी होते.
हात ॲप्रनच्या खिशात, मुठी आवळलेल्या,
आता कापेल, आता कापेल.
कापलंही. थोडंसंच.

मग मी तिच्या मांडीकडे नीट बघितलं.
माझा पाय उंबऱ्याला अडला
की तिची बोटं कापडाखाली वळवळायची.

ओट्याच्या कडेनं पाच पावलं सोपी.
कप आधी पुढे सरकवायचा, मग आपण सरकायचं,
पुन्हा कप, पुन्हा आपण.
उरलेली चार मोकळ्यावर.
तिथे धरायला काही नाही, फक्त काठी,
आणि दुसऱ्या हातात कप, थरथरणारा,
जणू त्यालाच म्हातारपण आलंय.

चौथ्या आठवड्यात तो फुटला. निळ्या काठाचा.
बंदरावर सोडून कुठे बोलू नये असं मी बोलले.
पुसू का, तिनं विचारलं.
फडकं दे, मी म्हटलं.
फडकं कुठे असतं तुम्हाला माहीत आहे, ती म्हणाली.
दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.
फडकं मात्र आणलं होतं.

सहाव्या आठवड्यात कॉफी पोहोचली.
अर्धी कपात, अर्धी बाहीवर.
सूर्य यायला अजून आठ दिवस होते,
खिडकीत माझंच तोंड दिसत होतं, आणि मागे तिचं.
मी प्याले. गार झाली होती.
जन्मात इतकी गार कॉफी
मी कुणाला न शिव्या घालता प्याले नव्हते.

सोमवारपासून मी येणार नाही, ती म्हणाली.
वहीत शेवटची ओळ लिहिली.

हे कुणी आधी सांगत नाही,
की बरं झालं की माणूस यायचं थांबतं.
मला क्षणभर वाटलं, पडावं पुन्हा.
हलकंसं. गालिच्यावर.

दारात तिच्या जॅकेटची चेन अडकली.
खाली ओढली, वर ओढली, हातमोजा दातात धरून,
अगदी बापावर गेलेली, सगळं उलटं.
माझा हात पुढे गेलाच होता.
तो मी मांडीखाली घेतला
आणि त्याच्यावर बसले, नीट.