भाग सहावा, प्रसंग अकरा

वेताळ टेकडीवरची दगडाची खाण
त्या दिवाळीच्या सुट्टीत परग्रह होती.
नाव झरूक. वातावरण विरळ.
कडेला एक म्हैस चरत असे.
ती फ्रेममध्ये येऊ नये म्हणून काटदरे सरांनी
एक माणूस फक्त म्हशीवर नेमला होता.

मी क्ष-त्रेपन्न. वय तीनशे वर्षं.
एरवी पंधरा, दहावी ब.
अंगात भवानी पेठेतून आणलेलं
स्कूटरच्या सीटचं चंदेरी रेक्झिन,
डोक्यावर चहाच्या दोन गाळण्या,
हातात भांडी घासायचे रबरी मोजे,
त्यांना मारलेला रंग अजून ओला.

ती पृथ्वीवरची.
तिला काहीच व्हावं लागलं नाही.
स्वतःच्याच शाळेचा गणवेश, दोन वेण्या,
वैजयंती ढमढेरे, राहणार नवी पेठ.
गोष्टीत ती वाट चुकून आमच्या ग्रहावर येते,
वीस मिनिटं राहते, परत जाते.
मध्ये जाहिराती.

प्रसंग अकरा म्हणजे निरोप.
तिने माझ्या हातावर हात ठेवून विचारायचं,
"तुमच्याकडे संध्याकाळ किती वाजता होते?"
आणि मी उत्तर न देता म्हणायचं,
"आमच्याकडे सूर्य दोन आहेत,
तरी तू गेल्यावर अंधार होईल."
लेखक बँकेत कारकून होते.
त्यांना हे कुठून सुचलं, देव जाणे.

पहिल्या टेकला मी खरंच विसरलो.
दुसऱ्याला 'अंधार' दोन पट्ट्यांत निघाला,
म्हशीवरचा माणूस हसला.
त्यानंतर मी मुद्दाम चुकू लागलो.
चुकलं की हात पुन्हा ठेवावा लागे.
मोज्यातून कळायचं ते फक्त वजन,
ऊब नाही, आतला घाम तर माझाच.
तिच्या तळव्याला चांदी लागायची,
ती गवताला पुसून पुन्हा यायची.

जनरेटर बंद पडला तेव्हा तिने डबा उघडला.
"तुमच्या ग्रहावर चकली असते का?"
मी मान हलवली, गाळण्या वाजल्या.
पटकथेबाहेर आम्ही बोललो ते एवढंच,
त्यातही मी बोललोच नाही.

नवव्या टेकला सर ओरडले,
"जनरेटरचं भाडं तुझा बाप भरणार आहे का?"
मग मी बरोबर म्हटलं.

रविवारी आगाशेंकडे सतरंजीवर बावीस जण.
निरोप आला. माझे ओठ हलले
आणि त्यातून भलत्याच मुलाचा आवाज आला,
गोड, कुठेही न फुटलेला.
डबिंगला मला कोणी बोलावलंच नव्हतं.
आई म्हणाली, छान बोललास हो.
वैजयंतीलाही हाच आवाज ऐकू गेला असेल,
याचं मला बरेच दिवस वाईट वाटलं.
जूनमध्ये तिच्या वडिलांची जबलपूरला बदली झाली, असं कळलं.

तो भाग आता कुठेच नाही.
चौकशी केली, तर म्हणाले
टेप महाग असायच्या, पुसून पुन्हा वापरल्या.
झरूकच्या जागी कांद्यावरचा करपा,
कारणे व उपाय, पंचवीस मिनिटं.

सर गेले. त्यांच्या मुलीने रद्दी उपसताना
एक वही माझ्यासाठी बाजूला ठेवली.
शिसपेन्सिलीने, कोणा सहायकाच्या अक्षरात:
प्रसंग ११. टेक ९. वाया ८.
क्ष-५३, पाच.
मुलगी, तीन. वाक्य पाठ होतं.
हात ठेवून गप्प राहिली.

तीन.
मला माझ्याच चुका लक्षात राहिल्या होत्या,
त्याही बहुतेक फुगवून.
वही मिटली, चहा झाला, त्या बाईंनी विचारलं
काही महत्त्वाचं निघालं का?
म्हटलं, नाही, हिशोब आहे जुना.

काल खाणीवर गेलो.
पळणारे होते, कुत्री होती,
एक मुलगा कानात वायर घालून इतिहास पाठ करत होता.
बसून राहिलो पश्चिमेकडे तोंड करून
आणि घड्याळ पाहिलं.
सहा वाजून चार मिनिटं.
म्हैस नव्हती.